खिडकीवरचा संगणक आणि घरातला वाद

दिल्लीत राहायचे आणि राजकारणापासून दूर राहायचे, हे पाण्यात राहून कोरडे राहण्यासारखे आहे. मुंबईत दोन माणसे भेटली की लोकलच्या गर्दीवर बोलतात, पुण्यात भेटली की पाण्यावर आणि पार्किंगवर. दिल्लीत मात्र भाजीवाल्यापासून सरकारी सचिवापर्यंत सगळ्यांना उद्या कोणाचे खाते बदलणार याची खबर असते. निदान तसा आव तरी असतो. रस्ता बंद झाला, तरी त्यामागे कोणी परदेशी पाहुणा नाही तर मोर्चा असतो. अशा शहरात मराठी कुटुंबेही तीन-चार पिढ्या नांदली आहेत. कोणी सचिवालयातल्या नोकरीने आले, कोणी सैन्यातून, कोणी बँकेच्या बदलीवर. पहाडगंजातली नूतन मराठी शाळा, बृहन्महाराष्ट्र भवन आणि गणपतीचे दहा दिवस यांच्या आधाराने त्यांनी आपले मराठीपण टिकवले. १९५४ मध्ये येथे साहित्य संमेलन भरले आणि तब्बल ७१ वर्षांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, पुन्हा भरले, तेव्हा ही सगळी मंडळी हौसेने तालकटोऱ्यात जमली.

याच घरांत आता एक नवीन दुखणे शिरले आहे. खरे तर ते दिल्लीपुरते नाही. घरोघरी मातीच्या चुली. व्हॉट्सॲपवर कुटुंबाचा एक गट असतो. त्यात द्वारकेचे काका असतात, नोएडाची आत्या असते, नागपूरची आजी असते आणि परदेशी गेलेला भाचाही असतो. सकाळी सुविचार येतात, वाढदिवसाला केक येतात. मग एके दिवशी कोणी तरी एका नेत्याबद्दलचा मजकूर पाठवतो. दुसरा त्याला टोमणा मारतो. तिसरा जुना हिशेब काढतो. रात्रीपर्यंत एक जण गट सोडून गेलेला असतो आणि दिवाळीला त्याच्या घरी फराळाचा डबा पाठवायचा की नाही, असा प्रश्न घरातल्या बाईसमोर उभा राहतो.

दोष कोणाचा? कोणी म्हणतो राजकारणाचा, कोणी म्हणतो यंत्राचा. दोन्ही उत्तरे सोपी आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत.

संगणकच जेव्हा राजकारण होता

आजच्या मुलांना सांगून पटणार नाही, पण एके काळी या देशात संगणक हाच भांडणाचा विषय होता. १९७६ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र स्थापन केले. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांत निकाल नोंदवण्याचे काम संगणकांनी केले आणि दिल्लीकरांना या यंत्राची पहिली मोठी ओळख झाली. नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधींच्या सरकारने नवे संगणक धोरण जाहीर केले. त्याच वर्षी रंगराजन समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयी अहवाल दिला. बँकांतल्या आणि विमा कंपन्यांतल्या कर्मचारी संघटना अस्वस्थ झाल्या. दहा जणांचे काम एक यंत्र करणार, मग नऊ जणांनी कुठे जायचे, हा त्यांचा प्रश्न होता. तो प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. एका पगारावर सहा तोंडे खाणाऱ्या घरात तो रोज जेवताना विचारला जात होता.

त्या काळाबद्दल एक गोष्ट आजही मोठ्या चवीने सांगितली जाते. विरोधी पक्षाचे नेते संगणकाचा निषेध करण्यासाठी बैलगाडीतून संसदेत गेले, अशी ती गोष्ट. बैलगाडी खरी आहे. अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत आले होते हेही खरे आहे. पण ते साल होते १९७३, पंतप्रधान होत्या इंदिरा गांधी आणि निषेध होता पेट्रोल व रॉकेलच्या दरवाढीचा. संगणक धोरणाला अजून अकरा वर्षे होती. एक चित्र खरे, एक नाव खरे, पण तारीख पुसली की खऱ्या गोष्टीचे खोटे व्हायला वेळ लागत नाही. आणि ती सांगणारा बहुतेक वेळा लबाड नसतो. त्याला कोणी तरी विश्वासातल्या माणसाने सांगितलेले असते, इतकेच.

आरक्षणाच्या खिडकीवर

मग संगणकाबद्दलची भीती गेली कशी? भाषणांनी नाही. ती गेली रेल्वेच्या खिडकीवर.

उन्हाळ्याच्या सुटीत दिल्लीहून पुण्याला किंवा मुंबईला जायचे म्हणजे पूर्वी घरातल्या कर्त्या पुरुषाची परीक्षाच असे. पहाटे उठून डबा घेऊन रांगेत उभे राहायचे. गाडीप्रमाणे, वर्गाप्रमाणे खिडक्या वेगळ्या. झेलमच्या रांगेत तीन तास काढल्यावर जागा संपल्याचे कळले, की पंजाब मेलसाठी दुसऱ्या रांगेच्या शेपटाला लागायचे. आतला कारकून मोठ्या वहीत हाताने नावे लिहीत असे. वही त्याच्या हातात, म्हणून किती जागा उरल्या हे त्यालाच ठाऊक. परतीच्या तिकिटासाठी तारेने विचारणा करायची आणि उत्तराची वाट पाहायची. साहजिकच 'आतून' तिकीट मिळवून देणाऱ्यांची चलती होती आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या मनात संशय होता.

१९८५-८६ मध्ये नवी दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झाले. कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. पुढे मुंबई, कलकत्ता, मद्रास येथेही ही सोय झाली. या शहरांचे संगणक एकमेकांना जोडण्याचे काम एप्रिल १९९९ पर्यंत पुरे झाले आणि पुण्याहून परतायचे तिकीट दिल्लीतच हातात पडू लागले. ऑगस्ट २००२ पासून इंटरनेटवरून आरक्षण सुरू झाले. आज बहुतेक आरक्षित तिकिटे घरबसल्या काढली जातात. पहाटेचा तो डबा आता कोणी भरत नाही.

पण नीट पाहिले तर लोकांनी यंत्रावर विश्वास टाकला, तो केवळ ते वेगवान होते म्हणून नव्हे. तिकिटावर प्रतीक्षा यादीतला क्रमांक छापलेला असे. काल चौदा होता, आज नऊ झाला, हे स्वतः जाऊन पाहता येत होते. गाडी सुटण्याआधी नावांचा तक्ता लागत असे आणि तो कोणीही वाचू शकत असे. जागा मिळाली नाही तरी माणूस म्हणे, "आपला नंबरच मागे होता." म्हणजे यंत्राने जागा वाढवल्या नव्हत्या, संशय कमी केला होता. जे स्वतः पडताळून पाहता येते, त्यावर माणूस रागावला तरी विश्वास ठेवतो.

मत देणारे बोट आणि सात सेकंद

हाच नियम मतदान यंत्राला लावून पाहावा. भारतात हे यंत्र पहिल्यांदा वापरले गेले मे १९८२ मध्ये, केरळातल्या परवूर मतदारसंघाच्या ५० मतदान केंद्रांवर. त्याची हकिकत मोठी मासलेवाईक आहे. कम्युनिस्ट पक्षाचे उमेदवार सिवन पिल्लै यांनी निवडणुकीआधीच यंत्राला हरकत घेतली होती. निकाल लागला तेव्हा तेच १२३ मतांनी निवडून आले! मग हरलेले काँग्रेसचे ए. सी. जोस न्यायालयात गेले. यंत्राने मतदान घेण्याची तरतूद कायद्यात नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ती निवडणूक रद्द केली. त्या ५० केंद्रांवर पुन्हा कागदी मतपत्रिकांनी मतदान झाले आणि या वेळी जोस जिंकले. पुढे डिसेंबर १९८८ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. नोव्हेंबर १९९८ च्या विधानसभा निवडणुकांत १६ मतदारसंघांत यंत्रे वापरली गेली, त्यातले सहा दिल्लीतले होते. २००४ मध्ये सगळी लोकसभा निवडणूक यंत्रांवर झाली.

त्यानंतरची गंमत सर्वांच्या परिचयाची आहे. २००९ मध्ये हरल्यावर भारतीय जनता पक्षाच्या नेत्यांनी यंत्रांवर शंका घेतली. २०१७ नंतर तीच शंका आम आदमी पक्ष आणि काँग्रेस घेऊ लागले. मे २०१७ मध्ये दिल्लीच्या विधानसभेत आम आदमी पक्षाच्या एका आमदाराने यंत्रासारखे दिसणारे दुसरेच यंत्र आणून त्यात फेरफार कसा करता येतो याचे प्रात्यक्षिक दाखवले. ते आपले यंत्रच नव्हे, असे निवडणूक आयोगाने सांगितले. जिंकलेल्याला यंत्र चांगले आणि हरलेल्याला वाईट. नाचता येईना अंगण वाकडे, असे म्हणून हसण्याचा मोह होतो.

पण नुसते हसून चालणार नाही. मतदाराने बटण दाबल्यावर आत काय झाले हे त्याला दिसत नव्हते, हा आक्षेप पक्ष बाजूला ठेवूनही उरतोच. म्हणूनच २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कागदी चिठ्ठी दाखवणारे उपकरण टप्प्याटप्प्याने जोडण्यास सांगितले. बटण दाबले की काचेमागे सात सेकंद चिठ्ठी दिसते, त्यावर उमेदवाराचे नाव आणि चिन्ह असते, मग ती पेटीत पडते. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांवरच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहिल्या जातात. सगळ्याच चिठ्ठ्या मोजाव्यात ही मागणी २६ एप्रिल २०२४ रोजी न्यायालयाने फेटाळली. तो निर्णय काहींना पटला, काहींना नाही. मात्र त्या सात सेकंदांमागचा विचार सर्वांनाच पटण्यासारखा आहे : विश्वास मागायचा असेल तर पडताळणीची खिडकी उघडी ठेवावी.

दूध पिणारी मूर्ती, आणि त्यानंतरचे सारे

आता घरातल्या गटाकडे येऊ. तेथे येणाऱ्या मजकुराला ना खिडकी असते, ना क्रमांक, ना चिठ्ठी. कोणी लिहिले, केव्हा लिहिले, कोणाच्या सांगण्यावरून लिहिले, काहीच कळत नाही. कळते ते एवढेच, की तो काकांनी पाठवला. आणि काका तर घरचे!

तरीही सगळे खापर यंत्रावर फोडणे बरोबर नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी दिल्लीसह चार महानगरांत सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू झाले. ते मोजक्याच लोकांना परवडत होते. त्यानंतर सव्वा महिन्याने, २१ सप्टेंबर १९९५ ला, गणपतीची मूर्ती दूध पिते अशी बातमी दिल्लीत पहाटे उठली आणि दुपारपर्यंत देशभर पोहोचली. संध्याकाळपर्यंत परदेशातल्या मंदिरांतही रांगा लागल्या. मोबाइल जवळजवळ कोणाच्याच हाती नव्हता आणि व्हॉट्सॲप तर नव्हतेच. होते ते साधे टेलिफोन आणि "अगं, तुला कळले का?" असे विचारणारी माणसे. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवले, की चमच्यातले दूध पृष्ठताणामुळे ओढले जाते आणि मूर्तीवरून खाली ओघळते. श्रद्धा ज्याची त्याची. पण त्या दिवशी कोणाचे काही बिघडले नाही. फार तर मुलांच्या वाटणीचे दूध कमी झाले.

प्रत्येक वेळी इतक्यावर निभावत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा या गावी भटक्या जमातीतल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते, पोटासाठी गावोगाव भिक्षा मागत हिंडत होते. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचा मजकूर त्या दिवसांत मोबाइलवरून फिरत होता. तो पुढे पाठवणाऱ्यांपैकी कित्येक जण आई-बाप असतील आणि मुलांच्या काळजीपोटीच त्यांनी तो पाठवला असेल. काळजी खरी होती, बातमी खोटी होती, आणि पाच घरे उजाड झाली.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या मजकुरावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी तो पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून फार वेळा फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. त्यावर दोन बाणांची खूण असते. कंपनीला जे करता आले ते तिने केले. उरलेले काम घरातल्या माणसांचे आहे.

घराने काय करावे?

काही घरांनी यावर उपाय काढला आहे : 'गटात राजकारण नको.' भांडण टळते, हे खरे. पण ज्या मराठी घरांत सकाळच्या चहाबरोबर वर्तमानपत्राची पाने वाटून घेतली जात आणि अग्रलेखावरून बाप-लेकांची खडाजंगी होत असे, त्या घरांत राजकारणावर तोंड बंद ठेवणे हा काही विजय नव्हे. मत देण्याचे वय अठरा आहे. अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी घरात बोलू शकली नाही, तर बाहेर कोणाकडून तरी शिकेलच. तो शिकवणारा कोण असेल, हे मग आई-वडिलांच्या हाती राहत नाही.

जुन्या वादात आणि नव्या वादात फरक एवढाच, की जुना वाद समोरासमोर होत असे. वडील रागावलेले दिसत, मुलाचा आवाज चढलेला ऐकू येई, आणि आई मध्येच म्हणे, "पुरे झाले आता, पाने घेतली आहेत." वाद तेथेच ताटावर संपे. मोबाइलवर ताट नाही आणि "पुरे" म्हणणारी आईही नाही. उलट दोन्हीकडची समजूत घालण्याचे काम दुसऱ्या दिवशी तिच्याच गळ्यात पडते. दिराला काय वाटले, नणंद का रुसली, सासऱ्यांचे रक्तदाब का वाढले, हे सगळे निस्तरताना तिने त्या मजकुरातले एक अक्षरही वाचलेले नसते.

म्हणून आरक्षणाच्या खिडकीचा नियम घरी आणावा. पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारावेत : हे केव्हाचे आहे? हे कोठले आहे? हे कोण सांगते आहे? बैलगाडीची गोष्ट पहिल्याच प्रश्नाला उघडी पडते. ज्या मजकुराला तारीख, गाव आणि नाव नाही, तो निनावी पत्रासारखा समजावा. निनावी पत्र दारात पडले, तर कोणी त्याच्या प्रती काढून शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटत नाही.

या कामी नातवंडांची मदत घ्यावी. पण तीही रीत सांभाळून. "आजोबा, काय हे खोटेनाटे पाठवता!" असे सर्वांसमोर लिहिले, की आजोबा मजकुरासाठी नव्हे, मानासाठी लढू लागतात. त्याऐवजी नातीने शेजारी बसून म्हणावे, "आजोबा, तुम्ही पाठवलेले ते चित्र कोणत्या सालचे आहे ते आपण दोघे शोधू या का?" आजोबा चष्मा पुसतील आणि म्हणतील, "शोध बरं. मलाही कळू दे." एरवी मोबाइलमुळे दूर गेलेली दोन माणसे निदान त्या दहा मिनिटांपुरती एकाच पडद्यात डोके घालून बसतील. आणि आजोबांनीही कधी तरी विचारावे, "तुला हा नेता का आवडतो, ते मला समजावून सांग." तरुणांच्या मताला वयाने मोठ्या माणसाने असे विचारणे हा त्यांना मिळालेला केवढा मोठा मान असतो!

एखादी गोष्ट फारच झोंबली, तर लिहून उत्तर देऊ नये, फोन करावा. आवाज ऐकला की निम्मा राग जातो. "दादा, तू लिहिलेस ते मला नाही पटले, पण परवा जेवायला येतो आहेस ना?" हे वाक्य लिहिले तर टोमणा वाटतो आणि बोलले तर आमंत्रण वाटते.

सरकारे येतात आणि जातात. ज्या लुटियनच्या बंगल्यावर आज एकाच्या नावाची पाटी आहे, तेथे पाच वर्षांनी दुसऱ्याची असते, हे दिल्लीकरांइतके कोणाला ठाऊक? संगणकही दर चार-पाच वर्षांनी जुना होतो आणि अडगळीत जातो. भाऊ मात्र एकदा तुटला की पुढच्या निवडणुकीत पुन्हा निवडून आणता येत नाही. म्हणून मत कोणाला द्यायचे ते जो तो आपापले ठरवील. फराळाचा डबा मात्र सगळ्यांकडे जावा.